सरदाराने न विचारलेला प्रश्न

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या शाळेतल्या देसाईबाईंचा. जुन्या इंग्लंडमधली एक कादंबरी बाईंनी मला वाचायला दिली होती. तिच्यातला सरदार राजाशी इमान राखायचं म्हणून, जिच्यावर प्रेम आहे तिला काहीच न सांगता निघून जातो. मी तेव्हा रडलो होतो.

काल जुन्या, दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये पुस्तकांचा दमट वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीची साउथहॅम्प्टनमधली दुपार आठवली. शहराच्या जुन्या तटबंदीजवळ मी आणि मीरा चिप्स खात बसलो होतो. व्हिनेगरचा वास, खारा वारा. ती इंग्लंडमध्येच, लेस्टरला वाढलेली, साउथहॅम्प्टनमध्ये डॉक्टर. मला ती फार आवडायची. पण माझ्या मित्राला, निखिललाही ती आवडायची, आणि परक्या देशात त्यानेच मला आसरा दिला होता. म्हणून मी गप्प होतो. सरदाराची गोष्ट मात्र तिला सांगितली.

"तिला कोणी विचारलं का?" मीरा म्हणाली.

"नाही."

"मग हा कसला लॉयल? सिली आहे तो."

घरी जाऊन आधी निखिलला सगळं सांगितलं. तो हसला. "अरे, मला तिने केव्हाच नकार दिलाय. तुला सांगायची लाज वाटत होती."

दुसऱ्या दिवशी मी मीराला लग्नाचं विचारलं आणि मग बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, मी मीराला लग्नाचं विचारलं आणि ती हो म्हणाली. हे पत्र आईला तुम्हीच वाचून दाखवा. सून परदेशात वाढलेली आहे हे तुमच्या तोंडून ऐकलं की आई घाबरणार नाही."