गॅसबत्तीची कुंची

माझ्या फजित्या तशा पुष्कळ आहेत, पण शिरपूरच्या गाडीतली मी सहसा कुणाला सांगत नाही. आज विषय निघालाच आहे, तर ऐका. फक्त मधे हसू नका.

तेव्हा मी धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत मास्तर होतो. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं. दर हिवाळ्यात शाळेचं शिबिर शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात असायचं. तिथे वीज नव्हती. आदल्या वर्षी गॅसबत्ती माझ्या ताब्यात दिली होती आणि एसटीच्या धक्क्यांनी तिची काच फुटली. हेडसरांनी ते भर स्टाफरूममध्ये सांगितलं. नाव घेतलं नाही, पण बघत होते माझ्याकडेच.

या वर्षी नवी बत्ती आली, तीही माझ्याकडेच. म्हटलं, आता जीव गेला तरी काच फुटू द्यायची नाही. जुनी गोधडी फाडली, मधे कापूस भरला, पण बत्तीला बेतशीर बसेल असं काही जमेना. आमच्या घरमालकीणबाई नातवासाठी कुंची शिवत होत्या. डोकं झाकलेलं, मागे झूल, गळ्याशी नाडी. बत्तीला दुसरं काय हवं होतं? त्यांच्याकडूनच उरलेलं फुलाफुलांचं कापड घेतलं आणि शिवली तशीच.

पोरं ट्रकने पुढे गेली. मी बत्ती मांडीवर घेऊन गाडीत बसलो. धक्का आला की तिला छातीशी धरायचो. शेजारी एक अक्का होत्या, शिबिराच्याच गावच्या. बराच वेळ बघत होत्या.

"कितला दिन झायात?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने," मी म्हणालो. बत्ती आणून तेवढेच झाले होते.

घरी बाई नाही का, म्हणाल्या. नाही म्हटलं. मग सगळं कोण बघतं? मीच, दुसरं कोण? अक्कांनी डोळ्याला पदर लावला आणि मागच्या बाईच्या कानात काही सांगितलं. तिने तिच्या मागचीला. पाच मिनिटांत मला खिडकीची जागा मिळाली. कुणी केळी दिली. एका आबांनी पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, खानदेशात मास्तराला काय मान आहे!

शिरपूरला अर्धी गाडी उतरली. उतरताना बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या.

गाडी पुढे निघाल्यावर अक्कांनी हळूच विचारलं, "भाऊ, काय पाजस याले?"

"रॉकेल," मी म्हणालो.

अक्कांनी माझ्या मांडीवरून बत्ती हिसकावली आणि नाडी सोडली. आत काच. सगळी गाडी उभी राहून बघायला लागली. अक्का इतक्या हसल्या, की कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली.

पण काच? एक चरा नाही! एवढे धक्के, एवढी हिसकाहिसकी, तरी शाबूत. गावात अक्कांनीच बत्ती कडेवर घेऊन शिबिरापर्यंत मिरवत नेली. हेडसरांनी काच उजेडात धरून चारी बाजूंनी बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शाब्बास." या वेळी नाव घेऊन. पुढच्या वर्षी शाळेच्या सगळ्या कंदिलांना मी कुंच्या शिवल्या. एकही काच फुटली नाही.

त्या शिबिरानंतरच्या उन्हाळ्यात शिरपूरला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले. मुलीचे वडील फार समजुतीने म्हणाले, "तुमच्या लेकराचं आम्हाला काही नाही. आमची पोर सांभाळेल."

मी खो खो हसलो. मग सगळी हकीकत सांगितली. कापूस किती भरायचा, नाडी कुठून ओवायची, हेही हाताने करून दाखवलं. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

आठवड्याने नकार आला. का, म्हणून मी मध्यस्थाला विचारलं. तो म्हणाला, "सर, बिजवर त्यांना चालत होता. बत्तीला कुंची शिवणारा नको म्हणतात."