आठ जीबीची चिठ्ठी

जावा बेटावरच्या वोनोसोबो गावात, तिथल्या पोथीसंग्रहात, सर्व्हरच्या खोलीची किल्ली अकरा वर्षं वार्सिनीच्या कमरेला होती. पंख्याच्या आवाजावरून ती यंत्राचा ताप ओळखायची. त्या वर्षी मात्र डोंगरावरून धुकं उतरावं तसं यंत्र रोज सकाळी दहाला मंदावू लागलं. वाचकांसमोर पडद्यावर पोथीचं पान अर्धं उघडून तिथंच थांबायचं.

वार्सिनी चार दिवस यंत्राशेजारी बसून राहिली. दहाला तिचा मदतनीस हार्जितो सगळ्या पोथ्यांच्या पानांच्या चित्रांची नक्कल काढायचा. यंत्र वाचलेलं पान न् पान मेमरीत धरून ठेवी, पुन्हा कुणी मागेल म्हणून. कुणी मागत नसे. बत्तीसातली तीस जीबी जागा त्या पानांनी अडवलेली आणि बाकीचे प्रोग्राम उंबऱ्यावर ताटकळत.

"मेमरी भरली म्हणून घाबरू नये," ती हार्जितोला म्हणाली. त्याला माउस धरायलाही तिनंच शिकवलं होतं. "पण दुसऱ्यानं मागितली की जागा सोडायला हवी. हे सोडत नाही. या धरून ठेवलेल्या पानांना, फाइल कॅशला, आठ जीबीची मर्यादा घालू."

"ताई, यंत्रालाही उपास?"

"आधी तुझं पोट बघ, मग यंत्राला हस."

दुसऱ्या दिवशी तिला भाचीच्या लग्नाला जायचं होतं आणि संग्रहाच्या साहेबांच्या परवानगीशिवाय यंत्रात बदल करता येत नव्हता. तिनं किल्ली कचेरीत ठेवली आणि दुखणं आणि उपाय चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी हार्जितोच्या हाती दिली.

"साहेब आले की त्यांना दे. तितिप."

जाता जाता आणायला-पोचवायला कुणावर काही सोपवायचं, तर तिथं एवढा एक शब्द पुरतो. बाजाराला निघालेल्याला शेजारी केळ्याची भजी तितिप सांगतात, परगावी जाणाऱ्याकडे बहिणीसाठी कापड तितिप देतात. घेतलेली तितिप कुणी पोचवली नाही, असं वार्सिनीनं ऐकलं नव्हतं.

हार्जितोनंही पोचवली. फक्त स्वतःच्या अक्षरात लिहून, खाली स्वतःचं नाव घालून.

ती परतली तेव्हा यंत्र झुळझुळ चालत होतं आणि किल्ली हार्जितोच्या गळ्यात होती.

"यानं दुखणं हेरलं," साहेब म्हणाले. "तुम्हाला इतके दिवस दिसलं कसं नाही, वार्सिनी?"

तिनं हार्जितोकडे पाहिलं. तो यंत्राचा पडदा पुसत होता, स्वच्छच असलेला.

"ताई, मी सांगणारच होतो," तो व्हरांड्यात पुटपुटला.

"कधी? मी मेल्यावर, माझ्या चाळिसाव्या दिवसाला?"

साहेबांपुढे ती बोलली नाही. अकरा वर्षांनंतर आपली साक्ष आपणच द्यायची, याची तिला लाज वाटली.

मंगळवारी वीज गेली. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि बुधवारी दहाला पानं परत अडकली. हार्जितो कळा दाबून घामाघूम झाला. शेवटी साहेबांनी वार्सिनीला बोलावलं.

"मर्यादा घातली होती, ताई, आठ जीबीचीच!" हार्जितो म्हणाला.

"होती. यंत्र नव्यानं सुरू झालं की ती पुसली जाते, दर वेळी घालावी लागते. त्याची सोय मी परत आल्यावर करणार होते, म्हणून चिठ्ठीत लिहिलं नव्हतं."

"कुठल्या चिठ्ठीत?" साहेबांनी विचारलं.

हार्जितोनं गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत वार्सिनीनं ती एक ओळ घातली. बाहेर पानं उघडू लागली.

दुपारी बाजाराला निघालेला हार्जितो सवयीनं दारात थबकला.

"ताई, भजी? तितिप?"

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी नको म्हटलं नव्हतं.

"नको," ती उठत म्हणाली. "माझी मी आणीन."

तिनं खोलीला कुलूप लावलं आणि त्याच्या आधी जिना उतरली.