चिठ्ठीत नसलेला रकाना

माझे भावोजी माकडं बघतात. "तुझ्या बहिणीचे यजमान काय करतात?" असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. लोक हसतात. त्यांच्या हसण्याचा मला राग येतो, पण खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही हसू यायचं.

आमच्या संशोधन संस्थेच्या मागे एक टेकडी आहे आणि तिच्यावर माकडांची टोळी राहते. भावोजी दुर्बीण, पाण्याची बाटली आणि छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन सकाळी वर जायचे. दर पाच मिनिटांनी एक चिठ्ठी भरायची. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाला हुसकलं, कोण कुणाच्या उवा काढतंय, कोण नुसतंच अंग खाजवतंय. माकडांना नावं द्यायची नाहीत, नंबर द्यायचे. आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. काही राहून गेलं असेल तर बाजूला लाल शाईने लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. घरातसुद्धा वाण्याच्या यादीवर ताईने काही खोडलं की ते अस्वस्थ व्हायचे.

वर्षातून एकदा माकडं पकडायची, भूल द्यायची आणि तान्ह्या बाळाचा पट्टा दंडाला बांधून त्यांचा रक्तदाब मोजायचा. हे काम माझं. मी संस्थेच्या दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे माणसं आणि माकडं दोन्ही माझ्याच गळ्यात.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्य संशोधिकेला, एकच गोष्ट शोधायची होती. ज्याला सगळे ढकलतात, ज्याच्याजवळ कुणी बसत नाही, त्याचा रक्तदाब चढतो का? बहुतेक माकडं शहाण्यासारखी बाईंच्या बाजूने उत्तर द्यायची. घोडं पेंड खायचं ते सतरा नंबरपाशी. ही कान तुटलेली म्हातारी माकडीण, टोळीत सगळ्यांत खालची. पोरंटोरंही तिच्या हातातलं हिसकावून न्यायची. चिठ्ठ्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच शब्द, 'एकटी'. आणि रक्तदाब? कोवळ्या पिल्लासारखा. मी तीन यंत्रं बदलून पाहिली. बाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "हिला वगळून चालणार नाही आणि ही समजतही नाही."

भावोजी तिला चोरून तुटकी म्हणायचे. ती त्यांच्यासमोर जन्मली होती.

गेल्या वर्षी एक निरीक्षक उतारावर चक्कर येऊन पडला आणि संस्थेने नियम काढला. निरीक्षकाच्या रक्तदाबाचा वरचा आकडा दवाखान्यात तीनदा एकशे साठच्या वर गेला तर टेकडी बंद, कायमची. भावोजींचा पहिला आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी गोळी वाढवली. ताईने मीठ कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या वेळी एकशे एकाहत्तर.

"वर गेलो की मी बरा असतो," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर आणि मोज."

मी चिडत चिडतच गेले. त्या चढणीने माझाच रक्तदाब वाढला असणार. वर एक सपाट दगड आहे, तिथे ते बसले. टोळी पलीकडच्या झाडांवर होती. अर्धा तास मी गप्प बसून डास मारले. मग ती तुटकी आली, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसली आणि दुसरीकडेच बघत राहिली. मी हळूच पट्टा बांधला. एकशे बत्तीस! पुन्हा मोजला, एकशे तीस. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि चिठ्ठी भरली. मी डोकावले. 'सतरा: एकटी.'

घरी हे सांगितल्यावर भलताच गोंधळ झाला. ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे इथे खाली एकशे सत्तर आणि त्या बयेशेजारी एकशे तीस? मग माझ्यामुळे चढतो होय? सरळ सांगा की, मी बॅग भरते."

"अगं, तसं नाही..."

"तसं नाही तर कसं?"

डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेचा परिणाम असेल, नाहीतर यंत्राची चूक. बाई म्हणाल्या, टेकडीवरचा आकडा नियमात बसत नाही. आणि तिसऱ्या मोजणीचा दिवस आला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पट्टा फुगवला, हवा सोडली, काटा पाहिला. एकशे चौसष्ट. चारच आकड्यांचा तर प्रश्न होता! काटा मला एकटीलाच दिसत होता. एकशे अठ्ठावन्न लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी कागदावर हात आडवा धरला.

"आहे तेच लिही," ते म्हणाले. "आकडा आवडला नाही म्हणून बदलायचा नसतो."

मी लिहिलं. त्यांनी दुर्बीण माझ्या टेबलावर ठेवली आणि बाही खाली केली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बेसिनवर उगाचच हात धूत बसले.

त्यांना खाली कचेरीत जुन्या चिठ्ठ्या लावायला बसवलं. वर दुसरा माणूस गेला. तो पलीकडच्या झाडांखाली बसायचा, टोळी तिथून नीट दिसते म्हणून. आठ महिन्यांनी माकडं पकडली. सतरा नंबरला पट्टा बांधला आणि मी चक्रावलेच. आकडा जवळजवळ दीडपट! हातावरचे केस खाजवून खाजवून गेलेले. बाईंनी नव्या-जुन्या चिठ्ठ्या समोरासमोर ठेवल्या. पूर्वीही 'एकटी', आताही 'एकटी'. नवा माणूस फक्त जागाही लिहायचा, 'सपाट दगडाजवळ'. रोज तिथेच.

"काहीच तर बदललेलं नाही," बाई म्हणाल्या. "मग हिला झालं काय?"

मी दवाखान्यात परत आले, गोळ्यांची कपाटं उघडझाप केली, आणि मध्येच मला ते वीतभर अंतर आठवलं. चिठ्ठीवर सगळ्या माकडांचे रकाने होते. लिहिणाऱ्याचा नव्हता.

पळत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा हातात घेतल्या. मग म्हणाल्या, "एका माकडिणीवरून काही सिद्ध होत नाही. म्हातारपणही असेल. मला खरंच कळत नाही." मलाही कळत नव्हतं. आजही कळत नाही. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" आणि एकदम डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून तिने त्या बयेला बया म्हणणं सोडलं.

भावोजींना सांगायला कुणी तयार होईना, म्हणून मीच गेले. ते जमिनीवर गठ्ठ्यांच्या मध्ये बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्या चिठ्ठ्या चुकल्या?"

"चुकल्या नाहीत हो. राहून गेलं एवढंच."

"राहून गेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे लाल पेन मागितलं. हातातल्या चिठ्ठीवरच्या 'सतरा: एकटी' याच्या बाजूला त्यांनी अगदी बारीक अक्षरात लिहिलं, 'शेजारी मी.' तारीख घातली, सही केली आणि दुसरी चिठ्ठी ओढली.

मी त्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. ते छताला टेकले होते.

"भावोजी, अहो, ती जवळ येऊन बसायची असे दिवस तरी किती होते?"

त्यांनी मान वर केली नाही.

"रोज," ते म्हणाले.