जीपवाल्याची रिमोटची गाडी

तीस वर्षं मी तळोद्याहून मोलगीला जीप चालवली. देवगोईच्या घाटात माझ्या जीपला कधी ओरखडा आला नाही. ही फुशारकीच आहे, पण खरी आहे. मग एका सकाळी स्टँडवर उभ्या जीपला टेकून चहा पिताना मला चक्कर आली आणि शुद्धीवर आलो तो दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा बायकोनेच नीट ऐकलं. पंधरा दिवसांत जीप विकली गेली.

त्यानंतर मी घरात बसलो. कोणी विचारलं, काय करता, तर ड्रायव्हर आहे म्हणायला जीभ रेटेना. जो गाडी चालवत नाही तो कसला ड्रायव्हर? भाजीत मीठ कमी पडलं तरी मी भांडायचो. बायको उलट बोलायची नाही, त्याचाही राग यायचा.

आमची मुलगी सुरतेला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातली काही मंडळी महिन्यातून एका रविवारी रिमोटच्या गाड्यांची शर्यत लावतात. त्यांच्यातल्या एकाची वापरलेली गाडी तिने स्वस्तात घेतली आणि दिवाळीला घेऊन आली. वीतभर रुंद, जेमतेम दोन विती लांब, बुटकी, चारही चाकांना ताकद. नवशिक्यांच्या गटात माझं नाव घालणार म्हणाली.

"हाई खेळणं कसाले लई उनी?" बायकोने तिला विचारलं.

"खेळणं नही, गाडी शे," मीच उत्तर दिलं. मनात ठरवून टाकलं, की पहिल्या तिघांत आलो तरच स्वतःला पुन्हा ड्रायव्हर म्हणवून घ्यायचं, नाहीतर तो शब्द कायमचा सोडायचा. हे कोणाला सांगितलं नाही.

गाडी जुळवायला घेतली आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. मुलीने सोबत जुळणीच्या सूचनांचा एक कागद दिला होता, पण मला कोण शिकवणार? आमच्याकडे जीप घेतली की पहिलं काम तिची उंची वाढवायचं, नाहीतर मोलगीच्या रस्त्याला खालून सगळं घासतं. मी तेच केलं. सोबत आलेल्या कडक स्प्रिंगा घातल्या, गाडी दोन बोटं वर उचलली. बाजार समितीच्या सिमेंटच्या आवारात नेली, वेगात वळवली, आणि ती सरळ पाठीवर पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. केळीचा ट्रक भरणारे हमाल काम सोडून बघायला आले. मी घरी येऊन गुपचूप कागद वाचला.

मग मात्र नीट बसलो. सपाट फरशीवर गाडी ठेवून ती इतकी खाली आणली, की पोटाखालून शिसपेन्सिल कशीबशी जावी. कडक स्प्रिंगा काढून मूळच्या मऊ घातल्या. पुढून आणि मागून मधोमध दोन पेचकसांच्या टोकांवर उचलून पाहिली, तर डावी बाजू झुकत होती. बॅटरी जरा सरकवून दोन्ही बाजूंचं वजन सारखं केलं. चाकं वरच्या अंगाने किंचित आत कलती ठेवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा फेऱ्या मारायच्या, मग दुसरी बदलायची. जीपचंही मी असंच करायचो. गाडी आपल्याकडे येताना डावं-उजवं उलट होतं, तिथे नवखे गडबडतात म्हणे. मला तीन दिवस लागले. महिनाभरात ती गाडी मी आवारात ठेवलेल्या दोन विटांमधून डोळे मिटूनही काढली असती.

"डोळा उघडा ठेवा," बायको म्हणाली. टायर पुसायचं ओलं फडकं तिच्याच हातात असायचं.

शर्यतीसाठी आम्ही दोघं सुरतेला मुलीकडे गेलो. एका मोठ्या इमारतीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये पाइप टाकून रस्ता आखला होता. गाडी चालवणारे उंच ओट्यावर उभे राहतात आणि प्रत्येक वळणावर एक माणूस असतो. गाडी उलटली की त्याने धावत जाऊन ती सरळ करायची. ज्यांची शर्यत संपली त्यांनी पुढच्या शर्यतीला वळणावर उभं राहायचं, असा नियम. ओट्यावर आम्ही सहा जण होतो, पाच माझ्या निम्म्या वयाचे. त्यांच्या गाड्या माझ्या गाडीपेक्षा चकचकीत होत्या. मला अजिबात भीती वाटली नाही.

शर्यत पाच मिनिटांची. पहिल्या दोन मिनिटांत तिघं पाइपांवर आदळले. मी सगळ्यांत वेगवान नव्हतो, पण कुठेच धडकलो नाही. चौथ्या मिनिटाला दुसरा होतो आणि पुढच्या निळ्या गाडीच्या मागे हातभर अंतरावर. शेवटच्या फेरीला निळ्या गाडीचा पोरगा घाबरला, वळण चुकला, पाइपावर चढला आणि रस्त्याच्या मधोमध उलटला. बाजूने जायला भरपूर जागा होती. पुढे सगळा रस्ता मोकळा होता.

माझ्या बोटाने ब्रेक दाबला.

मी दाबला असं म्हणवत नाही. बोटाने दाबला. घाटात उलटलेल्या गाडीला ओलांडून कोणी पुढे जात नाही. भाडं बुडो, अंधार पडो, आधी खाली उतरायचं, माणसं काढायची, मग निघायचं. माझी गाडी त्या निळ्या गाडीजवळ गपकन उभी राहिली. वळणावरचा माणूस आला, त्याने निळी गाडी सरळ केली, ती निघून गेली. मला भान येईतो आणखी दोघं शेजारून गेले. मी चौथा आलो.

"पप्पा, थांबनात काबर?" मुलगी ओट्याखालून ओरडली. तिच्या ऑफिसातले लोक हसत होते. वाईट हसणं नव्हतं ते, पण मला रिमोट फेकून द्यावासा वाटला. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच टाकला होता. ठरवल्याप्रमाणे ड्रायव्हर हा शब्द आता सोडायचा होता. मान खाली घालून नियमाप्रमाणे पुढच्या शर्यतीसाठी वळणावर जाऊन उभा राहिलो.

बायको पाण्याची बाटली घेऊन पाइप ओलांडत माझ्याकडे आली. बाटली मला देताना ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

"जीप इकी टाकी, तवयपासून मले वाटे तुम्ही बदली गयात," ती म्हणाली. "घरमा कोणी दुसराच माणूस बसेल शे असं वाटे. आज तुम्ही थांबनात, मले बरं वाटनं."

मला रडू आलं आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. तेवढ्यात भोंगा वाजला, गाड्या सुटल्या, आणि पहिल्याच फेरीत माझ्या वळणावर एक पिवळी गाडी कोलमडून पाठीवर पडली. मी बाटली बायकोच्या हातात कोंबली आणि धावलो.