दुर्गाबाईचा घास

डॉ. दीक्षा दर्यापूरकडची. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ती गायींच्या चाऱ्यावर संशोधन करते आणि मी शेजारच्या खोलीत दूध तपासतो. इतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वऱ्हाडात ढिगानं पडतं, लोक ते जाळून टाकतात आणि उन्हाळ्यात गायींची हाडं मोजून घ्यावीत अशी गत होते. हे कुटार दुभत्या गायीला पचवता येईल का, या एका प्रश्नापायी तिनं आलेली स्थळं, सणवार आणि स्वतःची कंबर, सगळं पणाला लावलं होतं.

तिचं सगळं काम मोगरी नावाच्या गायीवर चालायचं. मोगरीच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून भोक ठेवलेलं आणि त्यावर रबरी झाकण. झाकण काढून दीक्षा खांद्यापर्यंत हात घालायची आणि कोटीपोटातला, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातला, मूठभर चारा बाहेर काढून तो कितपत पचला ते बघायची. ऐकणाऱ्याला शिसारी येते. मोगरी मात्र खुशाल रवंथ करत उभी असायची.

गोठा सांभाळायचा पुंजाजी. एकदा मोगरीनं तापात चारा सोडला, तेव्हा तो रडकुंडीला आला. दीक्षानं भोकातूनच चारा आत सारला.

"तोंडानं नाई खाल्लं तरी चालते, काका. इथून टाकलं का पोचते."

पुंजाजीनं ते मनात ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको, दुर्गाबाई, घशाच्या कॅन्सरनं गेली. शेवटी पाण्याचा घोटही खाली उतरत नव्हता. सगळ्या गावाला जेवू घालणारी बाई उपाशी गेली, हे त्याच्या जिवाला फार लागलं होतं.

पितृपक्षात अविधवा नवमीला सुटी होती. पुंजाजी घरून दुर्गाबाईच्या नावाचा गायीचा घास घेऊन आला. खीर, वडे, पुरण, कढी-भात. मोगरीनं हुंगलं आणि मान फिरवली. तिला कुटाराची सवय. त्यानं पुन्हा पुढं केलं, तिनं पुन्हा मान फिरवली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरी बसलेली होती, उठेना. डोळे खोल गेलेले, पोट फुगलेलं. दीक्षानं झाकण काढलं आणि आंबलेल्या भाताचा भपकारा आला. घमेलंभर स्वयंपाक आत गेला होता. कोरड्या चाऱ्यावरच्या गायीला एवढा भात म्हणजे विषच, पोटात त्याचं नुसतं आम्ल तयार होतं. ती दोन्ही हातांनी भात उपसून बादलीत टाकू लागली. बादली धरून पुंजाजीच उभा होता. अख्खा वडा बाहेर आला तसा त्यानं तिचं मनगट धरलं.

"नका काढू, मॅडम. दुर्गीचा घास हाय तो. जिती होती तवा उतरला नाई. आता उतरला, तं तुमी काढून राहिल्या?"

"काका, नाई काढला तं मोगरी मरते."

हळूहळू त्यानं मनगट सोडलं. दीक्षाच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबत नव्हते. सोड्याचं पाणी झालं, सलाईन झालं, पचन पुन्हा सुरू व्हावं म्हणून दुसऱ्या गायीच्या पोटातलं पाणी आणून ओतलं. दिवस मावळायच्या आत मोगरी गेली आणि दीक्षाचं सगळं काम तिच्यासोबत गेलं.

माझं डोकं फिरलं. अडाणी, गाढव, तोंडाला येईल ते मी पुंजाजीला बोललो.

"त्याले काई म्हणू नका," दीक्षा म्हणाली. "पोचते म्हणून मीच सांगतलं होतं."

"पण उपसलं ना सगळं? मग गेली कशी?"

"उशीर झाला. तोवर रक्तात पोचलं होतं."

उपसलेलं अन्न उकिरड्याशी बादलीत तसंच होतं. पुंजाजी त्याच्याजवळ बसून कुत्री हाकलत होता. दीक्षा त्याच्या शेजारी जाऊन बसली. बादलीकडे बघत त्यानं विचारलं,

"मॅडम, थोडा तं पोचला असन नं?"

पुराव्याशिवाय चकार शब्द न बोलणारी ती बाई. मला वाटलं, आता गप्प बसेल.

"पोचला, काका," ती म्हणाली.

पुंजाजीनं डोळे पुसले आणि हात जोडले. दीक्षा खोटं बोलली नव्हती, आणि घास कुठं पोचला ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.