पारावरचा निवाडा
पिकलेल्या सीताफळाचा वास आला की मला आमच्या गावच्या पारावरची ती सकाळ आठवते. माझ्या थोरल्या भावाला अधूनमधून भास व्हायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, की मेंदूतली रसायनं बिघडतात, त्यात त्याचा दोष नाही. गोळ्या चालू होत्या तोवर तो बागेत सीताफळं उतरवायचा आणि त्यातलं चांगलं पिकलेलं माझ्यासाठी बाजूला ठेवायचा. मग बरं वाटतंय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या, आणि एका दुपारी शेजारच्या काकांना वैरी समजून त्यांच्या हातावर काठी घातली. हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली. आईनं पदर पसरला, "डाक्टर म्हनले, डोक्यातलं रसायन बिघडतंय. माझं लेकरू तसं न्हाई." एक म्हातारे म्हणाले, "डोक्यातलं आमाला काय दिसतंय, बाई? मोडल्याला हात दिसतोय. वाडवडलांचा कायदा हाय, हात उचलला त्यानं गाव सोडायचं." भाऊ तेव्हा पूर्ण भानावर होता. तो काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं. मलाच माझी लई भीती वाटती." आई त्याचे कपडे आणायला घरात गेली, तेवढ्यात तो दिंद्रुडच्या रस्त्यानं चालता झाला. पुन्हा आम्हाला तो दिसलाच नाही. आता मी कॉलेजात प्राचीन कायदे शिकवते. भान हरपलेल्या माणसाला शिक्षा देऊ नये, असं फार जुन्या काही कायद्यांतसुद्धा लिहून ठेवलंय. ते वाक्य मी मुलांना वाचून दाखवायला घेते आणि दर वर्षी मध्येच थांबते.