भाकरीच्या मापाची ताटं

काल स्वयंपाकघरात नातीनं विचारलं, आजी, तुझी भाकरी एवढीशी का असते गं? मला एकदम सांगलीच्या विश्रामबागेतलं आमचं घर आठवलं आणि ती सहा ताटं... म्हटलं, लिहूनच टाकावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन वडूजहून सांगलीला आले होते. घराजवळच्या एका शेडमध्ये बायकांसाठी मातीकामाचा क्लास निघाला आणि मला चाकाचं वेडच लागलं. दुपारचे दोन तास मी कुणाची सून नाही, कुणाची वहिनी नाही...

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. त्यांच्या चपलासुद्धा ओळीत असायच्या. माझ्या पहिल्या वाकड्यातिकड्या वाट्या त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि निकाल देऊन टाकला.

"एकसारखी सहा ताटं करून दाव. न्हाई जमली तर क्लास बंद."

झालं! माती चाकाच्या मध्यावर बसता बसेना, बसली तर ताटाची कड लोळण घ्यायची. एक ताट दुसऱ्याला ओळख दाखवेना. शेवटी मी मातीचे गोळे तराजूत तोलायला लागले आणि घरच्या जेवायच्या ताटाच्या मापाची एक काडी जवळ ठेवली. कड काडीला टेकली की हात थांबवायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तेव्हा कुठे सहाही ताटं सख्ख्या बहिणी वाटायला लागली.

भट्टीतून निघाली तीही सुरेख. हिरवट चकाकी, सगळी सारखी. नाचतच घरी आणली, जुन्या ताटाशेजारी ठेवली, तर सगळी दोन-दोन बोटं लहान... माती वाळताना, भाजताना आटते हे क्लासमध्ये सांगितलं होतं. एका मापाच्या नादात मी ते साफ विसरले होते.

आता आमच्या घरची भाकरी म्हणजे सासरच्या गावची, कुंडलची, ताट भरून. ती या ताटात चारी बाजूंनी बाहेर येणार, मामंजी हसणार आणि माझा क्लास संपणार. मी रडकुंडीला आले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांनी एक ताट उचललं, त्यावर पंजा पसरून पाहिला आणि पीठ मळायला गेल्या.

पानं वाढली. भाकरी ताटात अगदी आत बसलेली, कडेला कोरड्यासाला, म्हणजे भाजी-कालवणाला, जागा ठेवून! मामंजींनी ती उचलून पाहिली, आज बारकी का म्हणून विचारलं.

"आवं, ताटाच्या मापाची हाय. दोन खावा की," आत्या तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मामंजी तीन जेवले. मग सगळी ताटं एकमेकांवर ठेवून, वाकून कडा बघितल्या. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार...

"वाट्या कवा करतीस?"

इतकं हलकं मला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. आत जाऊन पदरात तोंड घालून रडले आणि हसलेसुद्धा.

आत्यांनी त्यानंतर मोठी भाकरी कधी थापलीच नाही. जन्मभराचा हात त्यांनी एका दिवसात बदलला, तोही माझ्यासाठी... आणि पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ताटं एकेक करून फुटली. आत्याही गेल्या. भाकरी मात्र मी अजून त्याच मापाची थापते.